माहेरचा घीयर

आमच्या घरात ही गोष्ट सांगण्याचं काम माझ्याकडे आहे. ते मला कुणी सोपवलेलं नाही, मीच बळकावलंय. लग्न असो, बारसं असो, चार माणसं जेवून सुस्तावली की मी सुरू होते, आणि ताई सुपारी कातरता कातरता माझ्या चुका काढू लागते. तिचं म्हणणं, दर वर्षी माझ्या गोष्टीतला घीयर वीतभर मोठा होतो. होत असेल. माझा घेरही त्या मानाने वाढलाच आहे, तेव्हा प्रमाण काही बिघडलेलं नाही. ज्यांनी घीयर पाहिलाच नाही त्यांच्यासाठी सांगते. ती सिंधी लोकांची होळीची मिठाई. दिसायला जिलेबीच, पण एकेक जेवणाच्या ताटाएवढी. आंबवलेल्या मैद्याची, तुपात तळलेली, पाकात बुडवलेली, केशरी, जाळीदार, किंचित आंबट. फाल्गुनात दुकानांत येते आणि होळी सरली की अशी नाहीशी होते की आपण ती स्वप्नात खाल्ली असावी असं वाटतं.

आमचं घर कारध्याला, वैनगंगेच्या अगदी काठावर. पलीकडे भंडारा. आता धरणाचं पाणी मागे मागे येत इथवर पोचलंय, नदी बाराही महिने भरलेली असते आणि पुलावर उभं राहून लोक फोटो काढतात. तेव्हा फाल्गुन लागला की नदी म्हणजे नुसती रेती आणि मधून एक निळी पट्टी. त्या रेतीत डांगरांचे, म्हणजे टरबूज-खरबुजांचे, वेल पसरलेले, राखणदाराची खोपडी, आणि खोपडीतून दिवसभर रेडिओ. दुपारी ओसरीवर डोळे मिटून पडलं की रेडिओ, पलीकडच्या बसचे भोंगे, कुणाचं तरी धुणं आपटणं, सगळं एकाच अंतरावरून ऐकू यायचं. अंगणात होळीसाठी शेणाच्या चाकोल्या वाळत असायच्या. मध्ये भोक पाडलेल्या चकत्याच त्या, वाळल्या की दोरीत ओवून होळीला घालायच्या. मोहाचा गोड वास कुठून तरी यायचा. न्हाणीच्या बाजूला तीन दगडांवर तांब्याच्या घंगाळात पळसाची फुलं उकळत असायची. ते काम बाबांचं. त्यात कुणी काडी घातलेली त्यांना खपायची नाही.

बाबा शाळेत चित्रकलेचे मास्तर. जिल्हा तुटला, गोंदिया वेगळा झाला, तेव्हा शाळेच्या भिंतीवर त्यांनी हौसेने रंगवलेल्या नकाशाचा मोठा तुकडा त्यांनाच चुन्याने पुसावा लागला. नवेगावचा तलाव त्यांना इतका सुरेख जमला होता की त्याच्यावरून कुंचला फिरवताना त्यांचे डोळे भरून आले, असं मी सांगते. ताई म्हणते, चुना डोळ्यात गेला होता. कसंही असो, मोठ्याने दुःख करणं बाबांच्या स्वभावात नव्हतं. घरात आई आणि आम्ही दोघी गावची बोली बोलायचो, बाबा मात्र घरीसुद्धा शाळेतली मराठी बोलायचे, आणि फार चिडले की तीही बोलायचे नाहीत.

ताईच्या लग्नानंतर ते तसेच झाले. ताई, म्हणजे वंदना, भंडाऱ्यात एका कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवायला जायची. तिथे हरेश नावाचा एक सिंधी मुलगा शिकायला यायचा. वडिलांचं मिठाईचं दुकान, मुलगा हुशार, आणि तरी याला टायपिंग यायला इतके महिने का लागताहेत, हे आमच्या लक्षात फार उशिरा आलं. पावसाळ्याच्या तोंडाशी दोघांनी रजिस्टर लग्न केलं. बाबांनी आरडाओरडा केला नाही. फक्त तिचं नाव घेणं बंद केलं. सवयीने आई चार ताटं घ्यायची, बाबा त्यातलं एक उचलून परत मांडणीवर ठेवायचे, तेही आवाज न करता. मला त्या न झालेल्या आवाजाची भीती वाटायची. मधे फक्त एक पूल होता, आणि त्यावरून ताई कधी इकडे आली नाही, बाबा कधी तिकडे गेले नाहीत. पावसाळा गेला, धान कापून झालं, थंडी गेली, पळस फुलला.

आई आणि ताई बुधवारच्या बाजारात चोरून भेटायच्या. चोरून म्हणजे, भाजीवाल्या सगळ्या बायांना ठाऊक होतं, फक्त बाबांना नाही. होळीच्या आधीच्या बाजारात ताई मिरच्यांच्या ढिगाशी उभी राहून रडत होती.

"कायले रडून राहिली वो?" आईने विचारलं. "मिरच्यायनं का घरच्यायनं?"

"त्यायच्यात होळीले सुनेच्या माहेरून घीयर येते, आई," ताई म्हणाली. "पहिल्या होळीले तं येतेच येते. अम्मानं तीन थाळ्या घासून ठेवल्या. मोठ्या जाऊचा रायपूरवरून आला, मधलीचा गोंदियावरून येऊन राहिला. रंगाच्या दिवशी सकाळी साऱ्या कॉलनीसमोर अंगणात थाळ्या मांडतेत."

"मंग? तुले कोणी काही बोललं?"

"कोणी नाई बोललं. तेच तं."

अम्मा म्हणजे हरेशची आजी, त्या घरातली शेवटची बाई जिने सिंध पाहिलं होतं. ती लहान असताना शिकारपूरहून निघालेली माणसं कुठे कुठे विखुरली. कुणी उल्हासनगरला, कुणी कटनीला, कुणी रायपूरला, आणि हे भंडाऱ्याला. कोण कुठे आहे, आहे की नाही, काही कळायचं नाही. मग होळीला घीयर यायचा. रेल्वेच्या पार्सलात त्याचा पार चुरा होऊन यायचा, पण यायचा, आणि तो चुरा थाळीत घालून अंगणात मांडायचा, की बघा, हिचं माहेर आहे. अम्माने हे ताईला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, कुणाला टोमणा म्हणून नव्हे, आपलं सहज, पापड लाटताना.

आईने पदराने ताईचं नाक पुसलं. "तुहं माहेर मेलं नाई म्हणा," ती म्हणाली, आणि अर्धा किलो मिरच्या घेऊन टाकल्या, ज्यांची आम्हाला काहीही गरज नव्हती.

आता घीयर माहेरच्या भावाने नेऊन द्यायचा असतो. भाऊ आम्हाला नव्हता. त्याच्या जागी मी होते, अकरावीतली, दोन वेण्यांची, आणि आपल्याला सगळं जमतं अशी खात्री असलेली. बाबा शाळेत गेले की आम्ही दोघींनी मैदा भिजवला. आईला शेवया येत होत्या, पुरण येत होतं, अनारसे तर झोपेतही आले असते, पण घीयर तिने आयुष्यात एकदाच दुरून पाहिला होता. मी दुधाच्या पिशवीला भोक पाडून पीठ सोडायला घेतलं. पहिला घीयर कढईत पसरला तो थेट आमच्या जिल्ह्यासारखा तुटला, गोंदिया झाऱ्यावर आणि भंडारा तळाशी. दुसऱ्याचा गोळा झाला. तिसरा चांगला होतोय म्हणून मी वाकून पाहिलं आणि माझी वेणी तुपात बुडाली. तो वास पुढचा आठवडाभर माझ्या डोक्याला होता, वर्गातल्या मुली अभ्यास सोडून मला हुंगायच्या. शेजारच्या म्हशीने मात्र तिन्ही घीयर कौतुकाने खाल्ले.

"मंजू," आई कढई उतरवत म्हणाली, "दुकानात मिळते ना हे?"

मिळत होतं. आख्ख्या भंडाऱ्यात चांगला घीयर एकाच दुकानात मिळायचा, आणि ते दुकान ताईच्या सासऱ्यांचं होतं.

होळीच्या दिवशी दुपारी मी सायकलवरून पूल ओलांडला. स्कूटीवरच्या मुली बांधतात तशी ओढणी तोंडाभोवती गुंडाळली होती, नुसते डोळे उघडे. माझी समजूत अशी की मला कुणी ओळखणार नाही. दुकानात ही गर्दी. मागे भट्टीवर कारागीर तुपात हात गोल फिरवत होता आणि त्या फिरण्याबरोबर एकेक घीयर नदीतल्या भोवऱ्यासारखा आपोआप उमलत होता. वेलची, तूप, उकळत्या साखरेची वाफ. त्या वाफेतून पलीकडची माणसं पाण्याखाली असल्यासारखी हलताना दिसत होती. मी किती वेळ तशी उभी राहिले कोण जाणे. गल्ल्यावर ताईचे सासरे, तीरथदासकाका.

"मंजू बेटी," ते मान वर न करता म्हणाले, "मुंह क्यूं बांधा है? धूप तो बाहर है."

मी ओढणी सोडली. आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता, तरी सवयीने बोलले. "एक घीयर पाहिजे होता. घरी खायला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या वेणीकडे पाहिलं, किंवा ते जरा हुंगले असं मला वाटलं. ते उठले, स्वतः मागे गेले, कारागिराने काढलेले घीयर एकेक उचलून उजेडात धरून पाहू लागले. एक नको म्हणाले, दुसरा नको म्हणाले. जो निवडला त्याची जाळी कुठेही तुटलेली नव्हती. मला वाटलं, आता हे पैसे घेणार नाहीत, आणि मग मी काय करायचं? पण त्यांनी गिऱ्हाइकाकडून घ्यावेत तसे पुरते पैसे घेतले आणि गल्ल्यात टाकले.

"मुफ्त दूंगा तो मायके का कैसे होगा?" ते हळूच म्हणाले. मी पुडा उचलून थेट पलीकडच्या गल्लीत, त्यांच्या घराकडे वळणार, तेवढ्यात त्यांनी हाक मारली. "उधर किधर? ये मेरा माल मेरे घर नहीं जाएगा. तुह्या घरी ने पहले. आईचा हात लागू दे. कल सुबह लाना."

म्हणून तो घीयर नदी ओलांडून कारध्याला आला, केवळ दुसऱ्या दिवशी नदी ओलांडून परत जाण्यासाठी. आजही मला यातलं शहाणपण समजावून सांगता येत नाही, पण त्या दिवशी पुलावरून येताना ते अगदी उघड वाटत होतं.

घरी आईने तो परातीत ठेवला, त्यावर हात ठेवला, डोळे मिटले आणि काहीतरी पुटपुटली. नेमके तेव्हाच बाबा आले.

"हे काय?"

"जिलेबी," आई म्हणाली.

बाबांनी परातीकडे पाहिलं. कडेपासून कडेपर्यंत जिलेबी. "एकच?" त्यांनी विचारलं.

आई पदर खोचत चुलीकडे वळली. बाबा हातपाय धुवायला गेले. दिवेलागणीला होळीच्या चाकोल्या घेऊन मी चौकात गेले, होळी पेटली, लोकांनी बोंबा मारल्या, मी धुराने डोळे चोळत परत आले तर बाबा ओसरीवर कंदील घेऊन बसले होते. वीज नेहमीप्रमाणे गेलेली. पुढ्यात पांढरं कार्डशीट, कंपास, कात्री, खळ. त्यांनी परातीतल्या घीयरचं माप सुतळीने घेतलेलं होतं. ते एक गोल डबा बनवत होते, सपाट, झाकणाचा. कडेला बारीक बारीक काप देऊन ती वळवायची, चिकटवायची, बोट ठेवून थांबायचं. कोणासाठी, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. डबा झाल्यावर त्यांनी एक पांढरी मेणबत्ती घेतली आणि ती न पेटवता डब्याच्या सगळ्या अंगावर घासू लागले, झाकणावर, कडेवर, खाली. मेणाचा तो सरसर आवाज ऐकत मी तिथेच झोपून गेले.

सकाळी डबा भरून तयार होता. बाबा पळसाच्या रंगाच्या घंगाळाजवळ पाठ करून बसले होते. आईने मला पांढरा जुना ड्रेस घातला आणि म्हणाली, "डबा डोक्यावर ठेवजो. तुहं काही का होईना."

माझं काय झालं ते पुलाने पाहिलं. कारध्याची पोट्टी, म्हणजे पोरं, अलीकडच्या टोकाला, भंडाऱ्याची पलीकडच्या, आणि मधे मी, डोक्यावर डबा, दोन्ही हात वर, म्हणजे प्रतिकाराचा प्रश्नच नाही. "अरे, डांगर हाये तिच्या डोक्यावर!" कुणीतरी ओरडलं. हिरवा, जांभळा, गुलाबी, मग एक बादली असं काही ज्याला रंग म्हणता येणार नाही. डोळ्यांत पाणी गेलं आणि पुढचा सगळा पूल मला भिजलेल्या चित्रासारखा दिसला, कडा विरघळलेल्या, रेती आणि आकाश एकमेकांत वाहून गेलेली. मी चालत होते की तरंगत होते सांगता येणार नाही. फक्त एवढं कळत होतं की वर डब्यावर पडलेलं पाणी आत जात नाही, थेंब थेंब होऊन घरंगळतंय, माझ्या कानांवर.

सिंधी कॉलनीत लाऊडस्पीकर सुरू होता. अंगणात तीन थाळ्या मांडलेल्या. दोन भरलेल्या, तिसरी स्वच्छ घासलेली, तिच्यात ऊन पडलेलं. ताई खांबाला टेकून उभी होती, एकही रंग न लागलेली. थाळीत काही आल्याखेरीज तिने रंग खेळायचं नाही असं बहुधा स्वतःच ठरवलं होतं. मला पाहून तिने तोंडावर हात ठेवला. ते प्रेमाने की माझ्या अवतारामुळे, यावर आमचं अजून एकमत नाही.

"आमच्याकडून," मी म्हणाले आणि डबा अम्मापुढे धरला.

अम्माने झाकण काढायला घेतलं. निघेना. दोन्ही गुडघ्यांत धरून ओढलं तेव्हा निघालं. आत घीयर अख्खा, कोरडा, एक कडी सुटलेली नाही. मोठी जाऊ वाकून बघायला आली. तीरथदासकाका मोठ्याने म्हणाले, "वाह! ऐसा घीयर तो अपनी दुकान में भी नहीं मिलता!"

अम्माने एक तुकडा मोडला, उरलेल्या दातांनी बराच वेळ चावला. "चाशनी तं आपल्यासारखीच हाये," ती लेकाकडे बघत म्हणाली. काका आकाशात काहीतरी शोधू लागले. मग अम्माने घीयर उचलून तिसऱ्या थाळीत ठेवला. "वंदनाच्या माहेरचा हाये," तिने सगळ्यांना सांगितलं. मोठी जाऊ मूठभर गुलाल घेऊन आधी ताईकडेच धावली, आणि मग काय, ताई दिसेनाशीच झाली.

अम्मा मात्र डबाच न्याहाळत बसली होती. तिने त्यावरून अंगठा फिरवला. रंगाचे थेंब अंगठ्यापुढे पळाले.

"कोणं बनवला वो हा?"

"बाबांनी."

"मेण लावलं त्यानं." तिने अंगठा हुंगला. "रंगाच्या दिवशी डबा पुलावरून येईन म्हून. तुह्या बापाले मालूम होतं, हे कुठी जाऊन राहिलं ते."

मी रंगाने इतकी माखले होते की माझा चेहरा कुणाला दिसत नव्हता, हे बरं झालं.

अम्माने थाळीतला अर्धा घीयर मोडून परत डब्यात ठेवला, वर चार पापड घातले. "माहेरचा डबा रिकामा नाई जात," ती म्हणाली. "अन् दुसऱ्याच्या हातानं तं नाईच जात. वंदना, तू नेऊन दे. आत्ता."

"अम्मा, ते बोलणार नाही माह्याशी."

"नाई बोलला तं नाई बोलला. डबा तं घेईन ना तो?"

आम्ही दोघी निघालो. परतीच्या पुलावर आमच्यावर टाकायला कुणाकडे नवीन रंगच उरला नव्हता. डबा ताईने पोटाशी धरला होता. खाली डांगरवाडीत रेडिओ चालू होता, ऊन चढलं होतं, आणि मला सारखं वाटत होतं की पूल नेहमीपेक्षा लांब झालाय.

बाबा अंगणातच होते. ताई दारात थांबली. केस, कपाळ, गाल, सगळं जांभळं. जन्मदात्या आईनेही ओळखलं नसतं. आई ओट्यावर आली ती तशीच उभी राहिली. बाबांनी ताईकडे पाहिलं आणि मग तिच्या हातातल्या डब्याकडे. ताईने तो पुढे केला. त्यांनी घेतला. आत काय आहे ते पाहिलं नाही. उलटा करून तळ पाहिला, कडेवरून बोट फिरवलं, एका जागी कागद जरा उचलला होता तिथे दाबून धरलं.

"झाकण नीट बसलं होतं?" त्यांनी विचारलं.

"हो," ताई म्हणाली. "अम्माले काढताना लय जोर लावावा लागला."

बाबांनी मान हलवली. "अर्धा सूत मोठं घ्यायला हवं होतं," ते स्वतःशीच म्हणाले. मग आईकडे वळून, जरा चिडल्यासारखे, "उभी काय राहिलीस? तिला आंघोळीला पाणी काढ. तो जांभळा वाळला की निघत नाही."